इरोक्वॉय नाट्यगृहातील अडकलेला पडदा

रंगभूमीच्या इतिहासलेखनात संहिता, अभिनय आणि दृश्यबंध यांना स्थान मिळते. रंगमंचाच्या माथ्यावरील दोर, कप्प्या आणि टांगलेले देखावे मात्र बहुधा केवळ तांत्रिक बाब म्हणून वगळले जातात. शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाचा इतिहास ही विभागणी अपुरी ठरवतो.

३० डिसेंबर १९०३ रोजी तेथे ‘मिस्टर ब्लूबीअर्ड’ या दृश्यप्रधान संगीतिकेचा दुपारचा खेळ चालू होता. दुसऱ्या अंकात एका आर्कदिव्यामुळे कापडी झालर पेटली आणि माथ्यावर दाटीने टांगलेल्या रंगीत देखाव्यांपर्यंत आग पोहोचली. प्रेक्षागृहाच्या रक्षणासाठी असलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा पडदा सोडण्यात आला. पण तो मध्येच अडकला. पुढे आलेल्या दिव्याच्या परावर्तकाने त्याची वाट अडवली, असे सामान्यतः मानले जाते. धूर बाहेर सोडणारे छपरातील झरोके बंद होते. कलावंतांनी मागचा दरवाजा उघडताच आत शिरलेल्या हवेने आगीचा लोळ पडद्याखालून प्रेक्षागृहात लोटला. सुमारे ६०० माणसे मृत्युमुखी पडली.

पडदा होता, झरोकेही होते. त्यांचा मार्ग मोकळा नव्हता. भासनिर्मितीची आणि संरक्षणाची साधने एकाच अवकाशात वावरत होती, आणि त्या अवकाशात भासनिर्मितीला अग्रक्रम मिळाला होता. म्हणूनच भव्य दृश्याचे सौंदर्यमूल्य ठरवताना, त्या दृश्याचा भार कोणत्या दोरांवर होता आणि संकटकाळी कोणता पडदा खाली येऊ शकत होता, हा प्रश्न प्रयोगसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.