हेडफोन लावून ऐका म्हणणाऱ्यांना : टेप, वॉकमन आणि आपला कान

एप्रिल महिना लागला की सोशल मीडियावर एक सल्ला हमखास फिरू लागतो. "बाबासाहेब महान होतेच, पण ती गाणी एवढ्या मोठ्याने कशाला? हेडफोन लावा आणि ऐका की!" सल्ला देणाऱ्याला वाटते, आपण फार सभ्यपणे बोललो. आपल्यातली काही शिकलेली पोरेही त्यावर मान डोलावतात.

आवाजाच्या मर्यादेबद्दल मी पुढे बोलणारच आहे. पण आधी हा हेडफोन आला कुठून, आणि तो येण्याआधी आपल्या कानांचे काय चालले होते, हे पाहू. गाणे खिशात घालून फिरणे ही आज साधी चैन वाटते. आपल्यासाठी ती कधीच साधी नव्हती.

कानाचा जुना हिशेब

गौतम धर्मसूत्रात शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर काय करावे, ते लिहून ठेवले आहे. त्याच्या कानात कथील आणि लाख वितळवून ओतावी. बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात हा दाखला दिला आहे. ही शिक्षा किती वेळा अमलात आली यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मुद्दा वेगळा आहे. या व्यवस्थेने पाणवठ्यावर जसा पहारा बसवला, तसाच कानावरही बसवला. कोणी काय ऐकावे हे जातीने ठरवायचे होते.

स्वातंत्र्यानंतरही कोणी काय ऐकावे हे वरूनच ठरत होते, फक्त ठरवण्याचे ठिकाण बदलले. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आकाशवाणीवरून शास्त्रीय संगीत वाजावे हा त्यांचा आग्रह. सिनेसंगीताला त्यांनी कात्री लावली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. ज्या देशात सिनेमाचे गाणेसुद्धा 'हलके' ठरत होते, तिथे वस्तीतल्या शाहिराच्या डफाला आणि तुणतुण्याला माइक कितीसा मिळणार? रेकॉर्डचा धंदा तर बहुतांश एकाच कंपनीच्या, एचएमव्हीच्या, ताब्यात होता. गाणे छापायचे तर कंपनीची मर्जी लागायची आणि ऐकायचे तर घरात महागडा रेकॉर्ड प्लेअर लागायचा.

म्हणून आपले गाणे पायी फिरले. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव गेले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गाणी लिहीत आणि गात हिंडले. पण शाहीर पुढच्या गावी गेला की गाणेही त्याच्याबरोबर जायचे. मागे उरायचे ते लोकांच्या तोंडी आणि एखाद्या वहीत.

लाल बटण

१९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात खिशात मावणारी कॅसेट मांडली. पुढे तिचे तंत्र इतर कंपन्यांनाही मोफत वापरू दिले, म्हणून ती जगभर पसरली. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आखाती देशांत गेलेले कामगार येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागले. ऐंशीच्या दशकात कोऱ्या आणि भरलेल्या कॅसेट स्वस्त झाल्या आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युअल यांनी १९९३ साली या बदलावर 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथच लिहिला. एरवी कोणत्याच मोठ्या कंपनीने उभे केले नसते असे शेकडो गायक आणि बोलीभाषांतले संगीत कॅसेटमुळे बाजारात आले, ही त्यातली महत्त्वाची मांडणी. आपल्याला ती पुस्तकातून कळायची गरज नव्हती. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज वस्तीवस्तीत कॅसेटवरूनच पोहोचले.

आमच्या घरातला टेप मला अजून आठवतो. लाइट गेली की त्यात मोठे सेल घालायचे. सेल उतरले की गाणे रडत रडत ओढू लागायचे. मग सेल उन्हात ठेवायचे, अजून दोन गाणी निघायची. रीळ बाहेर आले की पेन्सिल घालून ते गुंडाळायचे. आवाज घोगरा झाला की कापसाला स्पिरिट लावून हेड पुसायचे. दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडलेली असे, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही भरले जात नसे. आम्ही त्या खाचेवर चिकटपट्टी लावायचो. बस्स, कॅसेट परत कोरी! वडिलांनी कोणीतरी दिलेली सत्यनारायणाची कथा अशीच पुसली आणि तिच्यावर वस्तीतल्या जयंतीचा गायनाचा कार्यक्रम भरून घेतला. मला विचाराल तर आमच्या घरातली ती पहिली सांस्कृतिक क्रांती.

त्या टेपवर एक लाल बटण होते. रेकॉर्डचे. माझ्या मते आपल्या इतिहासात गाणे वाजवणाऱ्या बटणापेक्षा हे लाल बटण मोठे आहे. ते दाबले की आपण नुसते गिऱ्हाईक राहत नव्हतो. शाहीर पुढच्या गावी गेला तरी गाणे वस्तीत राहत होते. शेजारी दोन खणांचा टेप असला तर रात्रीतून चार प्रती निघत होत्या. कोणाची परवानगी नाही, कोणाचा स्टुडिओ नाही.

पण यंत्राची आरती ओवाळू नका. यंत्राला जात नसते, तसे मूल्यही नसते. नव्वदच्या सुमारास रामजन्मभूमी आंदोलनात साध्वी ऋतंभरा यांच्या भाषणांच्या कॅसेट देशभर वाजल्या, त्याच तंत्रावर. मॅन्युअल यांच्या ग्रंथात त्याचीही नोंद आहे. टेपने आपल्याला मुक्त केले नाही. आपण टेपचा वापर मुक्तीसाठी केला. या दोन वाक्यांत फरक आहे.

वॉकमनने काय काढून टाकले?

आता हेडफोनकडे येऊ. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीने पहिला वॉकमन विक्रीला आणला. किंमत ३३,००० येन. सोनीचे संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचे होते, त्यातून ही कल्पना निघाली. पत्रकारांसाठी आधीच बनवलेला एक छोटा रेकॉर्डर घेतला, त्यातून रेकॉर्डिंगची सोय काढली, स्पीकरही काढला आणि हलका हेडफोन जोडला. म्हणजे बघा, आपल्या वस्तीला ज्या दोन गोष्टी हव्या होत्या, नोंदवणे आणि सगळ्यांना ऐकवणे, त्या काढून टाकल्यावर वॉकमन तयार झाला!

त्या पहिल्या मॉडेलची आणखी एक गंमत आहे. त्याला हेडफोनसाठी दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि छोट्या माइकमधून समोरच्याचे बोलणे ऐकू यायचे. एकट्यानेच ऐकणे उद्धटपणाचे दिसेल अशी भीती खुद्द बनवणाऱ्यांनाच वाटत होती. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेले. लोकांना एकट्यानेच ऐकायला आवडते, हे कंपनीला कळून चुकले होते.

वॉकमनने माणूस एकलकोंडा झाला, अशी तक्रार तिकडच्या विचारवंतांनी पुष्कळ केली. ही तक्रार करायला आधी स्वतःची खोली असावी लागते. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसे, एक मोरी, एक टेप. तिथे ज्या पोराने पहिल्यांदा कानाला स्पंज लावून अभ्यास केला, त्याला एकटेपणा नाही, एकांत मिळाला. सासरच्या घरात भांडी घासताना पदराआड इअरफोन घालून गाणे ऐकणारी बाई काही समाजापासून तुटलेली नसते. दिवसातली ती वीस मिनिटे फक्त तिची असतात. म्हणून मी हेडफोनच्या विरोधात नाही. लोकलच्या गर्दीत, होस्टेलच्या कॉटवर, रात्रपाळीच्या बसमध्ये गाण्यात बुडून जाण्याचा आनंद हा आपलाही हक्क आहे. संघर्ष करणाऱ्या माणसाने मौज करू नये, असे कुठे लिहिले आहे?

निवडलेला हेडफोन आणि लादलेला हेडफोन

प्रश्न वेगळा आहे. हेडफोन मी माझ्या मर्जीने घालतो आहे, की कोणाच्या धाकाने?

कॅसेट गेली. मेमरी कार्ड आले. तालुक्याच्या मोबाइलच्या दुकानात दोन जीबीचे कार्ड 'भरून' मिळू लागले. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेट विकणारे आधी सीडी आणि मग पेनड्राइव्ह विकू लागले. स्वस्त मोबाइलने टेपचे सगळे गुण परत आणले. स्पीकर आला, लाल बटण आले, वर कॅमेरा आला. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात कोणत्याही बड्या कंपनीच्या आधाराशिवाय मोबाइलच्या पडद्यावरूनच महाराष्ट्रभर पोहोचल्या. १९५५ साली बीबीसीने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत आज कोणाच्याही खिशात आहे. ज्या पिढीने त्यांना पाहिले नाही, ती आज त्यांचा आवाज ऐकते.

आणि याच मोबाइलवर मे २०१५ मध्ये शिर्डीत काय घडले? लग्नासाठी आलेल्या, नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका तरुणाचा फोन वाजला. रिंगटोन भीमगीताची होती. त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन ठार मारण्यात आले. देशभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली. ना डीजे होता, ना मिरवणूक. तळहाताएवढ्या यंत्रातून निघालेला काही सेकंदांचा आवाज होता. मग 'आवाज मोठा' हे कारण कुठे राहिले? आवाज किती डेसिबलचा आहे हे त्यांनी मोजले नव्हते. कोणाचा आहे, एवढेच मोजले. गौतम धर्मसूत्राला कानाची भीती होती. आता भीती आपल्या गाण्याची आहे.

म्हणून सल्ला देणाऱ्यांना माझे उत्तर असे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवू नये, हे मला मान्य आहे. आजारी माणूस आणि परीक्षा देणारे पोर प्रत्येक वस्तीत असते, आपल्याही असते. छातीत धडधड होईल असा डीजे लावून बाबासाहेबांचा विचार पोहोचत नाही, हेही आपल्याच पोरांना सांगतो. पण तोच नियम वर्षभरातल्या प्रत्येक मांडवाला आणि प्रत्येक भोंग्याला लावा. फक्त एप्रिलमध्ये आठवणारे प्रदूषण हे प्रदूषण नसते, पोटदुखी असते.

आणि आपल्या कार्यकर्त्यांनी कायदा वाचावा. ॲट्रॉसिटी कायद्यातली २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी चप्पल किंवा नवे कपडे घालणे, सायकल किंवा मोटारसायकल चालवणे, लग्नाची वरात काढणे, सामाजिक वा सांस्कृतिक मिरवणूक काढणे, यापासून अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला रोखणे हा त्यात गुन्हा आहे. ही यादी कायद्यात का लिहावी लागली, याचा विचार करा. दुसऱ्यांसाठी जी रोजची साधी मौज आहे, ती आपल्याला हक्क म्हणून लिहून घ्यावी लागते. १९२७ साली महाडला आपण तळ्याचे पाणी प्यायलो. तहान भागवण्यासाठी नव्हे, माणूस म्हणून बरोबरी सांगण्यासाठी. उघड्यावर आपले गाणे वाजणे हीही त्याच बरोबरीची गोष्ट आहे.

आता आपले काम

शेवटचा मुद्दा आपल्याच घरातला. आज आपण गाणी ॲपवर ऐकतो. ॲप कंपनीचे, सर्व्हर कंपनीचे. उद्या तिने गाणे काढले तर आपल्या हातात काय उरणार? दुसरीकडे आपल्या माळ्यावरच्या पेट्यांत अशा कॅसेट पडल्या आहेत, ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. एखाद्या वस्तीतला १९८५ चा गायनाचा कार्यक्रम, आजीने म्हटलेल्या भीमाच्या ओव्या, कोणा शाहिराचे न छापलेले कवन. दमट हवेत त्या टेपांवर बुरशी चढते आहे.

तेव्हा या जयंतीला एक करा. नवा ब्लूटूथ स्पीकर घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी घरातली पेटी उघडा. चालू टेप कोणाकडे आहे ते शोधा, हेडफोनच्या भोकातून वायर लावून त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवा. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवा, आणि प्रती तीन ठिकाणी ठेवा. आणि वस्तीत आजही जी म्हातारी माणसे गातात, त्यांच्यासमोर बसून फोनवरचे ते लाल बटण दाबा.

मग हेडफोन लावून निवांत ऐका, नाहीतर दारात बसून सगळ्यांना ऐकवा. ते आपण ठरवू, दुसऱ्या कोणी नाही.

जयभीम!