सागवानापायी गेलेलं राज्य

गणपतीपुळ्याचं दर्शन, दुपारी मासळीचं जेवण आणि उरलेल्या वेळात थिबा पॅलेस. पुण्या-कोल्हापूरकडून निघालेल्या मित्रमंडळींच्या रत्नागिरी सहलीत राजवाड्याच्या वाट्याला येतो तो बहुधा असा उरलासुरला वेळ. दिवाणखान्यात फेरी होते, कमानदार खिडक्यांशी फोटो निघतात, आणि ब्रह्मदेशाचा राजा इथे कोकणात कशाला आला, हा प्रश्न गाडीत बसल्यावर कुणालातरी सुचतो.

उत्तराचा एक धागा मुंबईत सापडतो. तिथे 1863 साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागवान काढत असे. तोडलेले ओंडके कमी दाखवून कंपनीने राजाचा महसूल बुडवला, असा ठपका मंडालेच्या दरबाराने 1885 मध्ये ठेवला आणि लाखो रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. फ्रेंचांशी राजाची वाढती सलगी त्यांना आधीपासून खुपत होती. नोव्हेंबरमध्ये इरावती नदीतून फौजा वर सरकल्या आणि पंधरवड्यात मंडाले पडलं. 1 जानेवारी 1886 रोजी राज्य खालसा झालं.

थिबा तेव्हा तिशीतही नव्हता. मद्रासमार्गे त्याला एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीत आणलं. निवड हिशेबी होती. गावाला रेल्वे नाही, ये-जा मुख्यतः बोटीने आणि पावसाळ्यात तीही बंद. कैदेसाठी वेगळा तट बांधायची गरजच नव्हती!

पहिली चोवीसेक वर्षं राजपरिवार भाड्याच्या बंगल्यांत राहिला. सोबत आणलेली माणकं हळूहळू विकली गेली, सरकारी तनखा पुरेना. राजवाडा उभा राहिला 1910 मध्ये. लाल जांभा, उतरती छपरं, रंगीत काचा आणि लाकूडकामाला ब्रह्मी सागवान. ज्या लाकडापायी सिंहासन गेलं, तेच डोक्यावर छप्पर म्हणून आलं. ही योजना कुणी मुद्दाम केली नसेल. पण राजाला ती जाणवली नसेल, असं मानणं कठीण आहे.

या घरात थिबाला जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर 1916 मध्ये तो गेला. देह मायदेशी नेण्याची परवानगी इंग्रजांनी दिली नाही. तिथे पुन्हा असंतोष पेटेल, ही धास्ती होती. समाधी रत्नागिरीतच झाली. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याची कबर रंगूनमध्ये, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची कोकणात. कैद्यांच्या या अदलाबदलीत साम्राज्याने दोन्हीकडे समुद्रच आडवा घातला.

राणी सुपयालत 1919 मध्ये मुलींसह रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येला मात्र रत्नागिरीतल्या एका मराठी माणसापासून मुलगी झाली होती, टूटू तिचं नाव. थोरली तिला घेऊन पुन्हा इथेच आली आणि 1947 मध्ये इथेच वारली. टूटू मराठी बोलत वाढली, मराठी घरात सून झाली, कष्टाने संसार केला. राजवाड्यात पुढे सरकारी कचेऱ्या-वर्ग भरले, मग संग्रहालय आलं. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीला भेट द्यायला आले, तेव्हा थिबाचे मराठी बोलणारे वंशज याच गावात राहत होते.