भोसल्यांच्या वाड्यांतील दोन खून

नागपूरच्या ईशान्येस पांच कोसांच्या आंत, कन्हान नदीच्या कांठीं, इ. स. १८२१ मध्यें इंग्रजांनीं कामठीची छावणी वसविली. मद्रासी पलटणी, तोफखाना, साहेबांचे बंगले आणि या सर्वांच्या आधारानें वाढलेला मोठा बाजार, असें तिचें रूप थोड्याच वर्षांत झालें. या गांवाचें नांवच मुळीं ‘कॅम्प’ या शब्दावरून निघालें, असेंही लोक सांगत आले आहेत. ती व्युत्पत्ति खरी असो वा नसो, परक्यांच्या तळाची ओळख त्या नांवाला कायमची चिकटली, एवढें निश्चित. ही छावणी येथें कां आली, असें विचारलें असतां इतिहास १८१६ च्या तैनाती फौजेच्या तहाकडे बोट दाखवितो. परंतु तो तह तरी कां झाला, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे रणांगणावर नव्हे, तर नागपूरच्या राजवाड्यांत जाऊन पोहोंचावें लागतें. तेथें नऊ महिन्यांच्या अवधींत एकाच पित्याच्या दोन पुत्रांचा अंत झाला. दोघांचेही खून झाले असें सारें नागपूर म्हणत होतें, आणि त्यांपैकीं एकाचाही न्याय कोणत्याही न्यायासनापुढें कधीं झाला नाहीं.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याला भाऊबंदकी नवी नव्हती. जानोजी भोसले १७७२ मध्यें निपुत्रिक वारल्यावर त्याचे बंधु साबाजी व मुधोजी यांच्यांत वारसाचें भांडण जुंपलें. तीन वर्षें प्रजेनें त्याचे हाल सोसले. शेवटीं २६ जानेवारी १७७५ रोजीं नागपूरच्या दक्षिणेस पाचगांवच्या रणांगणावर साबाजीनें आपला हत्ती मुधोजीच्या हत्तीला भिडविला, आणि मुधोजीनें झाडलेल्या गोळीनें सख्खा भाऊ ठार झाला. तो वध निदान दिवसाढवळ्या, दोन्ही सैन्यांच्या देखत घडला. मारणारा कोण व मरणारा कोण, याविषयीं कोणास शंका उरली नाहीं. याच मुधोजीचा पुत्र दुसरा रघूजी पुढें गादीवर आला. पाचगांवानंतर एक्केचाळीस वर्षांनीं त्याच्या वाड्यांत जें घडलें, त्याला मात्र साक्षीदार नव्हते. निदान तोंड उघडणारे नव्हते.

दुसऱ्या रघूजीचा काळ वैभवानें सुरू झाला आणि संकोचानें संपला. १८०३ च्या युद्धांत आडगांवीं पराभव होऊन गाविलगड पडल्यावर देवगांवच्या तहानें त्याला कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडून द्यावें लागलें. राज्य अर्धें झालें, पण राजाची द्रव्यतृष्णा दुप्पट झाली. गेलेल्या मुलखाचें उत्पन्न राहिलेल्या मुलखांतून काढण्याचा त्यानें असा चंग बांधला कीं, लोक त्याला ‘मोठा बनिया’ म्हणूं लागले. तथापि इंग्रजांची तैनाती फौज पदरीं घेण्यास त्यानें अखेरपर्यंत नकार दिला, ही गोष्ट त्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. २२ मार्च १८१६ रोजीं तो वारला, तेव्हां त्याच्यामागें एक भरलेला खजिना, एक दुभंगलेलें घर आणि तैनाती फौजेचा न सुटलेला प्रश्न, एवढें उरलें.

त्या घरांतील माणसें एकदां नीट ओळखून घेतल्याशिवाय पुढील प्रकार उमगणार नाहीं. औरस पुत्र परसोजी हा गादीचा निर्विवाद वारस होता. परंतु दृष्टीनें अधू, अंगानें विकल आणि बुद्धीनें दुबळा असल्यामुळें राज्यकारभार त्याच्या हातून होणें शक्यच नव्हतें. दुसरा धर्माजी. हा रघूजीचा अनौरस पुत्र. गादीवर त्याचा हक्क नव्हता, पण खजिना व जवाहीर त्याच्या ताब्यांत होतें. आणि ज्या राज्याचें सारें बळ खजिन्यांतच सांठलेलें, तेथें किल्ल्या बाळगणारा माणूस हक्कदारापेक्षां कमी महत्त्वाचा नसतो. तिसरी रघूजीची आवडती राणी बांकाबाई. ही बुद्धिमान आणि करारी स्त्री होती. परसोजीच्या नांवानें कारभार आपल्या हातीं ठेवावा, हा तिचा मनोदय. आणि धर्माजी, नारोबा चिटणीस व रघूजीचा भाचा गुजाबादादा गुजर हे तिच्या पक्षाचे मोहरे. चौथा रघूजीचा पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. त्याचा पिता व्यंकोजी १८११ मध्यें काशीस वारला होता. आप्पासाहेब विशीच्या उंबरठ्यावरचा, देखणा व महत्त्वाकांक्षी होता. आणि परसोजीला संतान नसल्यामुळें त्याच्यानंतरचा जवळचा वारस आपण, हें तो क्षणभरही विसरत नव्हता. या सर्वांच्या हालचालींवर दृष्टि ठेवून इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स बसलेला होता.

रघूजीच्या मृत्यूनंतर महिनाही लोटला नाहीं तोंच आप्पासाहेबानें पहिला डाव टाकला. एप्रिलमध्यें त्यानें धर्माजीला कैद केलें. खजिना हातीं आला, बांकाबाईचा पक्ष पांगला, परसोजी गादीवर बसला आणि आप्पासाहेब त्याच्या नांवानें कारभार पाहूं लागला. मे महिन्याच्या आरंभीं धर्माजीचा कैदेंत अंत झाला. कैदी ज्याच्या स्वाधीन असतो, त्याच्याकडेच कैद्याच्या मृत्यूचा जाब मागावयाचा असतो. परंतु जाब मागणार कोण? राजा परसोजी स्वतःच परस्वाधीन होता; बांकाबाईचे हात बांधलेले होते; आणि रेसिडेंट त्याच दिवसांत आप्पासाहेबाशीं एका फार मोठ्या सौद्याची बोलणीं करीत होता.

तो सौदा मे महिन्याच्या अखेरीस पुरा झाला. २७ मेच्या रात्रीं, दरबारांतील बहुतेकांना वार्ताही न लागूं देतां, तैनाती फौजेच्या तहावर सही झाली. फौजेच्या खर्चादाखल दरसाल साडेसात लक्ष रुपये देण्याचें ठरलें. जी गोष्ट चुलत्यानें पराभवानंतरही तेरा वर्षें टाळली, ती पुतण्यानें दोन महिन्यांत मान्य केली. याचें कारण उघड आहे. घरांतील शत्रूंचें त्याला भय होतें, आणि त्या भयावर बाहेरच्या संगिनींचा उतारा त्यानें शोधला. जूनमध्यें इंग्रजी पलटणी नागपूरजवळ येऊन दाखल झाल्या. धर्माजीच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन आठवड्यांनीं हा तह झाला, हा कालक्रम विसरतां येत नाहीं.

यापुढें सात-आठ महिने वरवर शांततेंत गेले. १८१७ च्या जानेवारींत आप्पासाहेब कांहीं कामाचें निमित्त सांगून चांद्यास निघून गेला. तो तिकडे असतांनाच, १ फेब्रुवारीच्या सकाळीं परसोजी आपल्या बिछान्यांत मृत आढळला. त्याची पत्नी काशीबाई सती गेली. रोगजर्जर राजाला मृत्यूनें रात्रीं गांठलें, यांत अशक्य असें कांहीं नव्हतें. परंतु शहरांत लोक हलक्या आवाजांत निराळेंच बोलूं लागले. ही कुजबूज रेसिडेन्सीपर्यंत पोहोंचली. तिला आधार नाहीं असें ठरवून रेसिडेंटानें मृत्यु नैसर्गिक मानला. आप्पासाहेब गादीचा धनी झाला आणि कंपनी सरकारनें त्याला मान्यता दिली.

प्रकरण येथेंच मिटावयाचें. परंतु राजा झालेल्या आप्पासाहेबाला नायब आप्पासाहेबानें स्वीकारलेलें जूं जड वाटूं लागलें. पुण्याच्या बाजीरावाशीं त्याचें सूत जमलें. पेशव्याकडून आलेलीं सेनापतिपदाचीं वस्त्रें व जरीपटका त्यानें २४ नोव्हेंबर १८१७ रोजीं समारंभपूर्वक स्वीकारला, आणि २६ व २७ तारखांस सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई पेटली. तींत व पुढें १६ डिसेंबरच्या लढाईंत त्याचा पराभव झाला. तरीही जानेवारी १८१८ च्या करारानें इंग्रजांनीं त्याला, हात-पाय बांधून कां होईना, गादीवर ठेवलें. युद्ध करणें हा अपराधही त्याला पदच्युत करण्यास तेव्हां पुरेसा ठरला नव्हता, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दोन महिन्यांनीं मात्र पारडें फिरलें. बाजीरावाशीं त्याचा गुप्त पत्रव्यवहार चालूच आहे, असा बोभाटा झाला आणि १५ मार्च १८१८ रोजीं त्याला कैद करण्यांत आलें. याच वेळीं परसोजीचें प्रकरण पुन्हां वर आलें. वाड्यांतील माणसांकडून मिळालेल्या माहितीवरून रेसिडेंटानें असा निष्कर्ष काढला कीं, परसोजीला गळा दाबून मारलें व तें आप्पासाहेबाच्या आज्ञेनें. १८१७ च्या फेब्रुवारींत ज्याला नैसर्गिक मृत्यु म्हटलें गेलें, तोच १८१८ च्या मार्चमध्यें खून ठरला. राजवाडा तोच, रेसिडेंट तोच; मधल्या तेरा महिन्यांत बदललें होतें तें राजकारण.

तेव्हां खरा प्रश्न असा कीं, हा आरोप केवळ राजकारणाचें अपत्य समजावयाचा काय? तसें समजणें सोयीचें आहे, पण न्याय्य नाहीं. आप्पासाहेबाविरुद्ध परिस्थिति फार बोलकी आहे. परसोजी जिवंत असेतों त्याच्या मांडीवर एखादें मूल दत्तक देऊन बांकाबाई आपला डाव केव्हांही उलटवूं शकली असती. आणि दत्तकविधान होतांच आप्पासाहेबाचा वारसा संपला असता. ही भीति कल्पित नव्हती. १८१८ मध्यें गादीवर बसविलेला बाजीबा, म्हणजे रघूजीच्या मुलीचा मुलगा, परसोजीचा दत्तक पुत्र म्हणूनच तिसरा रघूजी झाला. शिवाय धर्माजीचा अंत आप्पासाहेबाच्याच कैदेंत झालेला होता. एकदां चाललेला मार्ग दुसऱ्यांदां सोपा वाटतो. चांद्याचा प्रवास हा निर्दोषपणाचा पुरावा म्हणून पुढें करतां येईल, तसाच तो आधीं रचलेल्या बेताचा भागही म्हणतां येईल.

दुसरी बाजूही तितकीच विचारार्ह आहे. जबाब देणारीं माणसें पदच्युत राजाच्या वाड्यांतील होतीं; नव्या धन्यांना काय ऐकावयाचें आहे, हें त्यांना ठाऊक होतें. पुरावा गोळा करणारा रेसिडेंट आणि त्यावर निर्णय देणारें सरकार हे एकाच पक्षाचे होते, व आरोपीला काढून टाकण्यांत त्या पक्षाचें हित होतें. आरोपीनें आपली बाजू मांडावी, साक्षीदारांची उलटतपासणी व्हावी, असा प्रसंग आलाच नाहीं. धर्माजीबद्दल तर कोणाला सोयरसुतकच नव्हतें. त्याचा मृत्यु ज्या काळांत झाला, त्या काळांत इंग्रजांना आप्पासाहेब हवा होता. परसोजीच्या मृत्यूची आठवण झाली तेव्हां तो नकोसा झाला होता. कोणाच्या रक्ताचा हिशेब मागावयाचा आणि कोणाचा मागावयाचा नाहीं, हें जेथें सोयीनें ठरतें, तेथें खरा गुन्हेगारही शिक्षेच्या भीतीनें नव्हे, तर दैवाच्या फेऱ्यानें पडतो. आणि निरपराध असेल तर तोही तसाच पडतो.

पुढें आरोपीनेंच हा गुंता कायमचा अपुरा ठेवला. मे १८१८ मध्यें त्याला प्रयागच्या किल्ल्यांत ठेवण्यासाठीं नेत असतां, वाटेंत जबलपूरच्या बाजूस शिपायाच्या वेषांत तो पहाऱ्यांतून निसटला. महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयानें त्यानें कांहीं काळ झुंज दिली. तेथून अशीरगड, पंजाब असा भटकत तो शेवटीं जोधपुरास पोहोंचला. शरण आलेल्याला स्वाधीन करण्यास राजा मानसिंगानें नकार दिला, आणि तेथेंच १८४० मध्यें आप्पासाहेब वारला. बावीस वर्षांच्या वनवासांत इंग्रजांशीं लढलेला राजा म्हणून त्याच्याभोंवतीं एक करुण तेज जमलें, आणि त्या तेजांत धर्माजी व परसोजी दिसेनासे झाले.

बांकाबाई मात्र सर्वांना पुरून उरली. नातवाच्या अज्ञानपणीं ती वाड्याची कर्ती झाली, आणि राज्याचा कारभार जेंकिन्सनें चालविला. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरा रघूजी निपुत्रिक वारला, आणि १८५४ मध्यें डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. त्या वेळीं कामठीच्या पलटणींना एक गोळीही झाडावी लागली नाहीं. त्या जवळ आहेत, एवढेंच पुरेसें होतें.

या दोन मृत्यूंचा छडा आतां लागणें नाहीं. आप्पासाहेब दोषी असण्याचा संभव मोठा आहे; पण संभव म्हणजे निवाडा नव्हे. परसोजी आंधळा व पांगळा होता, धर्माजी अनौरस होता. एकाला बोलतां येत नव्हतें, दुसऱ्याला बोलण्याचा हक्क नव्हता. राज्याच्या इतिहासांत त्यांना जागा मिळाली ती दुसऱ्यांच्या उत्कर्षाचें किंवा अधःपाताचें निमित्त म्हणून. परंतु ज्या घरांत दुबळ्याच्या जिवाला मोल उरत नाहीं, तें घर आपलें दार बाहेरच्या शिपायाला आपल्याच हातानें उघडून देतें. नागपूरच्या वाड्यानें तें १८१६ मध्यें उघडलें. आणि पांच वर्षांनीं कन्हानेच्या कांठीं त्या शिपायानें आपला कायमचा मुक्काम ठोकला.