रानडे, अशोक दामोदर

(१९३७ – ३० जुलै २०११). संगीतशास्त्रज्ञ, गायक, संगीतरचनाकार आणि आवाज-जोपासनेचे शिक्षक. गजाननबुवा जोशी, बी. आर. देवधर, लक्ष्मणराव बोडस व प्रल्हाद गानू यांची तालीम त्यांना लाभली. कायद्याचे आणि साहित्याचे शिक्षणही झालेले. त्यामुळे व्याख्यानात मुद्दा अडला की ते तो गाऊन दाखवत, आणि लिहिताना शब्द तोलूनमापून वापरत.

मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. १९८३ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. त्यानंतर पुण्यात, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या ध्वनिसंग्रहात त्यांनी काम केले. १९८४ पासून दहा वर्षे ते मुंबईच्या ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स’मध्ये (एनसीपीए) रंगभूमी-संशोधन व एथ्नोम्युझिकॉलॉजी (संस्कृतीच्या संदर्भात संगीताचा अभ्यास) या विभागांचे उपसंचालक होते.

संगीत म्हणजे रागदारी, हे समीकरण रानडे यांनी मोडले. भारतीय संगीताच्या त्यांनी सहा कोटी मानल्या : आदिम, लोक, धर्म, कला, जन (लोकप्रिय) आणि संगम (भिन्न संगीतपरंपरांचा मेळ). ही उतरंड नव्हे. प्रत्येक कोटीचा प्रसंग वेगळा, गाणारे-ऐकणारे वेगळे, म्हणून कसोट्याही वेगळ्या. ख्यालाच्या मापाने ओवी मोजली तर ती तोकडीच ठरणार. पण जात्याची लय आणि दळणारणीचा श्वास ध्यानात घेतला की तिची घडण उलगडते. बैठकीच्या लावणीत तर कोट्यांच्या सीमाच पुसट होतात. या लावणीवर त्यांनी रंगमंचीय कार्यक्रमही बसवला.

‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ (१९७१) आणि ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) हे त्यांचे महत्त्वाचे मराठी ग्रंथ. ‘स्टेज म्युझिक ऑफ महाराष्ट्र’ (१९८६) या इंग्रजी पुस्तकाचा विषय मराठी नाट्यसंगीत. ‘कीवर्ड्‌स अँड कन्सेप्ट्‌स’मध्ये (१९९०) हिंदुस्थानी संगीताच्या संज्ञांचा कोशवजा विचार आहे. ‘हिंदी फिल्म साँग’मध्ये (२००६) त्यांनी चित्रपटगीताला अभ्यासविषयाचा दर्जा दिला. मायक्रोफोन, मोजका अवधी, वाद्यवृंद आणि पडद्यावरचा प्रसंग यांनी घडवलेले हे गाणे रागाच्या शुद्धतेवरून जोखता येत नाही.

गाण्याइतकेच त्यांचे लक्ष बोलण्याकडेही होते. श्वास, उच्चार, स्वराची उंची आणि विराम यांचा विचार ते गायकांप्रमाणेच नट व वक्त्यांसाठीही करत. ‘भाषणरंग’ (१९९५) हे पुस्तक व्यासपीठ आणि रंगपीठ या दोन्ही ठिकाणच्या बोलण्याविषयी आहे.