टॅपेटविषयी तळटीप

* ‘खंडाळ्याला पोचताच टॅपेट जुळवली’ : लेखकाच्या या विधानावर आमचा विश्वास बसत नाही. खोपोलीहून बोरघाट चढून आलेले इंजिन तापलेले असते आणि जुन्या बुलेटची टॅपेट इंजिन थंड असतानाच बसवतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. मग पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, इतपतच सैल ठेवायचा. जास्त सैल राहिला तर टकटक ऐकू येते. फार घट्ट झाला तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि जळतो, तोही आवाज न करता. म्हणून किंचित वाजणारे टॅपेट परवडले.

शर्यतीच्या इंजिनात खरी काळजी स्प्रिंगची. मिनिटाला ६००० फेऱ्या होत असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह ३००० वेळा उघडतो. स्प्रिंग कमी पडली की तो वेळेत मिटत नाही, प्रसंगी पिस्टनवर आपटतो. मँक्स नॉर्टनमध्ये केसांच्या आकड्यासारख्या स्प्रिंगा असत; त्यांची वेटोळी तापलेल्या व्हॉल्व्हपासून दूर, वाऱ्यात राहत. डुकाटीच्या फाबिओ टालिओनी यांनी १९५६च्या १२५ सीसी शर्यती इंजिनात व्हॉल्व्ह मिटवण्याचे कामही कॅमकडेच सोपवले.

घाटात हा धोका चढापेक्षा उतारावर अधिक. चुकून खालचा गिअर पडला की चाकच इंजिनाला पळवते. पुढच्या प्रकरणातली येझदी टू-स्ट्रोक आहे, तिला असे व्हॉल्व्हच नाहीत. — संपा.