ब्रिटनमधील सार्वजनिक वाटा : चालण्याचा हक्क आणि वाटेवरचा शिष्टाचार

भारतात ‘फुटपाथ’ म्हणजे रस्त्याच्या कडेचा पदपथ. ब्रिटनमध्ये त्याला ‘पेव्हमेंट’ म्हणतात. इंग्लंड व वेल्सच्या कायद्यातील ‘पब्लिक फुटपाथ’ ही रस्त्यापासून स्वतंत्र, बहुधा शेते, कुरणे व वने यांतून जाणारी वाट होय. जमीन खासगी असली तरी तिच्यावरून पायी जाण्याचा हक्क सर्वांना असतो. या दोन देशांत सर्व प्रकारच्या हक्काच्या वाटांची एकूण लांबी सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर आहे.

हक्काची वाटचाल

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधील किंडर स्काउट या पठारावर सुमारे ४०० जण बंदी झुगारून चढले. ते पठार तेव्हा शिकारीसाठी राखलेले खासगी क्षेत्र होते. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची तरतूद केली आणि हक्काच्या वाटा अधिकृत नकाशांवर नोंदवण्याचे काम स्थानिक प्रशासनांकडे सोपवले. २००० च्या कायद्याने नकाशांत दाखवलेल्या डोंगराळ व माळरानाच्या प्रदेशांत वाट सोडूनही फिरण्याची मुभा दिली. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार बहुतेक सर्व भूमीवर संचार करता येतो. मात्र जबाबदार वर्तन ही त्या हक्काची कायदेशीर अटच आहे.

वाट कोणाची?

इंग्लंड व वेल्समध्ये खांबांवरील बाणांचे रंग वाटेचा प्रकार सांगतात. पिवळा बाण पादचाऱ्यांची वाट दाखवतो. निळा बाण ‘ब्रायडलवे’ दर्शवतो. तेथे पादचाऱ्यांसह घोडेस्वार व सायकलस्वार जाऊ शकतात. १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना ही मुभा देतानाच पादचारी व घोडेस्वार यांना प्रथम वाट देण्याचे बंधन घातले. जांभळट बाणाच्या वाटेवर घोडागाड्याही चालतात, तर लाल बाणाच्या वाटेवर मोटारींनाही परवानगी असते.

शहरांत पादचारी व सायकलस्वार यांच्या सामाईक मार्गांवर निळी गोल पाटी आढळते. मार्ग विभागलेला असल्यास अनेक ठिकाणी पादचाऱ्यांच्या बाजूच्या प्रारंभी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या, तर सायकलच्या बाजूस प्रवासाच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या उंचवट्यांच्या फरशा बसवलेल्या असतात. दृष्टिहीनांना पायांनी बाजू ओळखता यावी, हा त्यामागील हेतू.

एकमेकांना वाट देणे

२९ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘हायवे कोड’च्या सुधारणांनुसार, ज्याच्यामुळे इतरांना अधिक इजा होऊ शकते त्याची जबाबदारी अधिक. सायकलस्वाराने पादचाऱ्याजवळून, विशेषतः मागून, वेगाने जाऊ नये. घंटी वाजवून अथवा नम्रपणे बोलून चाहूल द्यावी. ही घंटी ‘बाजूला व्हा’ अशी आज्ञा नसून केवळ सूचना असते. पादचाऱ्याने दचकून आडवे न धावता आपली दिशा कायम ठेवावी.

पादचाऱ्यांनीही इतरांचा मार्ग अडवू नये, अशी त्याच नियमावलीची अपेक्षा आहे. गप्पा मारीत चालणाऱ्या गटाने संपूर्ण रुंदी व्यापू नये, समोरून कोणी आल्यास एका रांगेत यावे. कालव्याकाठचे ‘टोपाथ’ मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेले असल्याने अरुंद असतात. पुलांखाली तर विशेष जपावे लागते. पांढरी काठी दृष्टिहीनत्व दर्शवते, तर तिच्यावरील लाल पट्टे त्या व्यक्तीला ऐकूही येत नसल्याचे सुचवतात. अशा वेळी घंटीचा उपयोग नसतो, थांबावे लागते.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर शक्यतो उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. डावीकडून चालण्याची सवय असलेल्यांनी, विशेषतः भारतातून मुलांकडे आलेल्या ज्येष्ठांनी, हे ध्यानी ठेवावे. मोठ्या गटाने मात्र डावी बाजू धरावी.

ग्रामीण भागात फाटक जसे आढळले तसेच सोडावे. उघडे फाटक ‘चुकून राहिले’ असे समजून लावल्यास गुरांचे पाणी तुटू शकते. पिकातून जाणाऱ्या वाटेवर एका रांगेत चालावे. गाय व वासरू यांच्यामधून जाऊ नये. गुरे अंगावर आल्यास कुत्र्याची दोरी सोडून द्यावी.

किती चालावे?

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे ब्रिटनचे आरोग्यविषयक मार्गदर्शन सांगते. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, इतका वेग पुरेसा मानला जातो. सलग दहा मिनिटांचे झपझप चालणेही उपयुक्त ठरते.

हक्काची वाट कुंपणाने अडवलेली किंवा पिकाखाली गेलेली आढळल्यास जमीनमालकाशी वाद न घालता ठिकाण टिपून स्थानिक कौन्सिलच्या सार्वजनिक वाटा विभागाकडे तक्रार नोंदवावी. वाट मोकळी राखली जाईल हे पाहणे हे त्या प्रशासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे.