जुन्या परदेशी ऑर्गनचे परीक्षण

ऑर्गन हे पायाने भाता चालवून वाजवले जाणारे, धातूच्या स्वरपट्ट्यांचे वाद्य असून मराठी नाट्यसंगीताच्या साथीत त्याला मानाचे स्थान आहे. साथीसाठी वापरले गेलेले बहुतेक जुने ऑर्गन परदेशी बनावटीचे आहेत. त्यांचे मूळ उत्पादन थांबल्याने असे वाद्य वापरलेल्या स्थितीतच मिळते. त्यामुळे खरेदीपूर्वी त्याचे परीक्षण आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने ऑर्गनची साथ लोकप्रिय केली. अमेरिकेतील मेसन अँड हॅम्लिन आणि एस्टी हे या वाद्याचे नामांकित निर्माते होते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीवरही ऑर्गनची साथ रूढ झाली. तेथे दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. या काळात वाद्य सतत एका गावाहून दुसऱ्या गावी हलवावे लागते. ऐन हंगामात ते बिघडल्यास दुरुस्तीला उसंत मिळत नाही.

रचना

हार्मोनियममध्ये भात्यातील हवा दाबाने स्वरपट्ट्यांतून बाहेर पडते. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये याउलट भाता हवा आत ओढतो. खटके (स्टॉप) ओढून स्वरपट्ट्यांचे वेगवेगळे संच सुरू करता येतात, तर गुडघ्याने हलवायच्या दांड्यांनी आवाज कमी-जास्त करता येतो.

तपासणी

भाता : सर्व खटके बंद ठेवून पायटे चालवावेत. पायटे थांबवल्यावर भाता लगेच मोकळा झाल्यास हवेची गळती आहे असे समजावे. कापड किंवा चामडे जीर्ण होणे हे नेहमीचे कारण असते व ते बदलता येते.

स्वर : एका वेळी एकच खटका उघडून प्रत्येक पट्टी वाजवावी. मुका स्वर केवळ धुळीमुळे अडकलेला असू शकतो. पट्टी न दाबता वाजणारा स्वर झडप नीट न बसल्याचे लक्षण आहे. जीभ तुटलेली किंवा हरवलेली स्वरपट्टी मात्र गंभीर दोष होय, कारण तिच्या जागी जुळणारी स्वरपट्टी बहुधा दुसऱ्या जुन्या ऑर्गनमधूनच मिळवावी लागते. सेलेस्ट या खटक्याचा संच मुद्दाम किंचित वेगळा लावलेला असतो. त्यातून ऐकू येणारे आंदोलन म्हणजे बेसूरपणा नव्हे.

स्वरमान : आज मध्य सप्तकातील ए हा स्वर ४४० हर्ट्झचा धरतात. जुनी वाद्ये ४३५ हर्ट्झला लावलेली असू शकतात. हा फरक अर्धस्वराच्या सुमारे एक पंचमांश इतका असून बासरी किंवा इलेक्ट्रॉनिक की-बोर्डबरोबर वाजवताना तो खटकतो. जिभेचे टोक घासल्यास स्वर चढतो, तर मुळाशी घासल्यास उतरतो. वारंवार घासलेली जीभ कमजोर होते. म्हणून शक्य असल्यास काही स्वरपट्ट्या बाहेर काढून पाहाव्यात.

लाकूड : मागची फळी उघडून वाळवी, भुंगा आणि उंदरांनी केलेली नासधूस पाहावी. स्वरपट्ट्या बसवलेल्या फळीला तडा गेला असल्यास हवा एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाते आणि दुरुस्ती कठीण होते.

हवामानाचा परिणाम

गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पावसाळ्यात हवा दमट असते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. हा दोष कोरड्या ऋतूत अनेकदा आपोआप नाहीसा होतो. याउलट उन्हाळ्यात आकसलेल्या लाकडाचे तडे पावसाळ्यात मिटल्यासारखे दिसू शकतात. त्यामुळे पावसाळ्यात पाहिलेल्या वाद्याच्या फळ्या विशेष बारकाईने तपासाव्या लागतात.

किमतीचा निर्णय

बाहेरील पॉलिश, कोरीवकाम किंवा निर्मात्याचे नाव यांवरून वाद्याची सांगीतिक योग्यता ठरत नाही. फाटका भाता पण शाबूत स्वरपट्ट्या असलेले वाद्य हे चकचकीत पण स्वरपट्ट्या गमावलेल्या वाद्यापेक्षा अधिक उपयुक्त असते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून खर्चाचा अंदाज घेऊन तो विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत मिळवल्यावरच वाद्याची खरी किंमत कळते.